देवाला पस्तावा होतो का? हिब्रू शास्त्रातला हा प्रश्न मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंची गोष्ट

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव नावाचं स्टेशन आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाजवळच्या एका छापखान्यात बायका खिळे जुळवायच्या. कुणी बालविधवा, कुणी दुष्काळात आईबाप गमावलेली, कुणी नवऱ्यानं टाकलेली. यातल्या बऱ्याच जणींना काही वर्षांपूर्वी अक्षर ओळखता येत नव्हतं. आता त्यांच्या हातून एक जाडजूड ग्रंथ छापला जात होता. तो होता संपूर्ण बायबल, मराठीत. आणि तो मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून मराठीत आणणारी बाई स्वतःही विधवा आणि अनाथ होती.

तिचं नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. शारदा सदन, मुक्ती मिशन, टिळकांशी झालेला वाद, धर्मांतर या गोष्टी शाळेच्या पुस्तकापासून सोशल मीडियापर्यंत सगळीकडे येतात. पण आयुष्याची शेवटची दीड-दोन दशकं त्यांनी ज्या कामाला दिली, त्याची चर्चा फार होत नाही. हे काम समजून घ्यायचं, तर आधी त्या ग्रंथातली एक विलक्षण गोष्ट समजून घ्यावी लागते.

देवाच्या काळजाला लागलेली गोष्ट

नोहाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. माणसं वाईट वागायला लागली, देवानं प्रलय आणला, नोहाचं कुटुंब आणि जनावरांच्या जोड्या तेवढ्या तारवात बसून वाचल्या. आपल्याकडे मनू आणि माशाची कथा आहेच, त्यामुळे ही गोष्ट ओळखीची वाटते.

पण हिब्रू शास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, प्रलयाच्या आधी एक वेगळंच वर्णन येतं. ‘उत्पत्ती’ या पहिल्याच पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव माणसाची दुष्टाई बघतो. आपण राजाच्या रागाची वाट पाहत असतो. पण तिथं देवाला माणूस घडवल्याचं वाईट वाटतं, त्याच्या हृदयाला वेदना होते. शिक्षा येते ती या दुःखाच्या मागून.

मूळ हिब्रू शब्द पाहिले की हे आणखी खोल जातं. पस्ताव्यासाठी तिथं जो शब्द आहे, त्याचा धातू ‘नाखम’. याच धातूचा दुसरा अर्थ आहे सांत्वन. नोहाच्या जन्माच्या वेळी त्याचा बाप लामेख याच शब्दावर खेळ करतो, की हा मुलगा आम्हाला आमच्या कष्टांत दिलासा देईल. दुसरा शब्द वेदनेचा. त्याचं मूळ तेच, जे आधीच्या अध्यायांत हव्वेच्या बाळंतपणाच्या कळांसाठी आणि आदामाच्या शेतातल्या कष्टांसाठी वापरलंय. म्हणजे जे दुःख माणसाच्या वाट्याला आलं, त्याच जातीचं दुःख देवाच्याही काळजाला लागलं, असं ही कथा सांगते.

आणि शेवट? पाणी ओसरल्यावर देव ठरवतो, की पुन्हा असं करायचं नाही. माणूस सुधारला का? नाही. माणसाच्या मनातले विचार लहानपणापासूनच वाईट असतात, हे देव तेव्हाही मान्य करतो. ज्या कारणानं प्रलय आला, त्याच कारणाच्या समोर आता सबुरी येते.

हा धागा हिब्रू शास्त्रात पुढे बराच चालतो. होशेय या संदेष्ट्याच्या पुस्तकात शिक्षा करायला निघालेल्या देवाचं मनच उलटतं. यिर्मयाच्या पुस्तकात लोकांच्या नाशावरचं रडणं थांबत नाही. योनाच्या गोष्टीत निनवे शहर पश्चात्ताप करतं, देव शिक्षा मागे घेतो आणि त्याचा राग संदेष्ट्यालाच येतो.

पण देव नेमका कशावर चिडतो? मूर्तिपूजा हे एक मोठं कारण आहेच. त्याच्याच जोडीला पुन्हा पुन्हा तीन माणसांची नावं येतात: विधवा, अनाथ आणि परका. ‘निर्गम’ या पुस्तकातल्या कायद्यात विधवेला आणि पोरक्याला छळणाऱ्यांना थेट तंबी आहे, की त्यांचा आक्रोश ऐकला जाईल. यशया संदेष्टा तर सांगतो, की यांना न्याय मिळणार नसेल तर तुमचे यज्ञ आणि सणही नकोत.

विधवा, अनाथ आणि परकी. रमाबाई तिन्ही होत्या.

अकरा दिवस आणि झाडाचा पाला

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकावं, असं त्यांचं मत होतं. त्यासाठी त्यांना उडुपीला धर्मपंडितांच्या सभेपुढे उभं राहून आपली बाजू मांडावी लागली. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. वयाच्या पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते.

घर असं नव्हतंच. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थ फिरायचं. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर जगायचं आणि उरलेलं दान करायचं. शास्त्रात सांगितलेली व्रतं, स्नानं, उपास, दक्षिणा, यात त्यांनी काही कमी ठेवलं नाही.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पैसे संपले. दागिने, भांडी, कपडे विकून झाले. मजुरी करायची सवय नव्हती आणि भीक मागायला मन धजेना. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात जाऊन प्राण सोडायचे, असं ठरलं. अकरा दिवस आणि अकरा रात्री ही पाच माणसं पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर राहिली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे आला. मी मोलमजुरी करीन, पण हे नको, असं म्हणाला. जलसमाधी टळली, मरण टळलं नाही. आधी वडील गेले, मग थोड्याच दिवसांत आई, मग मोठी बहीण. हा काळ १८७४ च्या सुमाराचा. रमा सोळा वर्षांची होती.

उरलेली दोघं भावंडं पायी भारत फिरली. उपाशीपोटी, कडाक्याच्या थंडीत, कित्येकदा उघड्यावर झोपून. सांगितलेलं सगळं करूनही देव का बोलला नाही, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात इथंच घर करून बसला. पुढे आपल्या आत्मकथनात त्यांनी तो सविस्तर लिहिला.

मराठी माणसाला दुष्काळात धावून येणारा देव अनोळखी नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठार भुकेल्यांना खुलं केलं आणि विठोबा विठू महार होऊन त्याची रक्कम बेदरच्या बादशहाकडे भरून आला, ही कथा कीर्तनांतून शेकडो वर्षं ऐकली जाते. पण डोंगरे कुटुंबासाठी कुणी विठू महार आला नाही.

पंडिता झाली, पण…

१८७८ मध्ये ही भावंडं कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांच्या मुलीचं संस्कृत ऐकून तिथले पंडित थक्क झाले. तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पण सुख टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे टीका झाली. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीनं नवराही गेला.

तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, माहेर नाही, सासर नाही. त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असं सांगितलं.

त्या काळच्या उच्चवर्णीय समाजात विधवा ही शिक्षा भोगणारी गुन्हेगार मानली जायची. नवरा मेला तो हिच्या मागच्या जन्मीच्या पापानं, असं समजून तिचं केशवपन व्हायचं, एक वेळचं जेवण मिळायचं, शुभकार्यात तोंड दाखवायची बंदी असायची. रमाबाईंनी पुढे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्यात हा सगळा जमाखर्च मांडला आहे. म्हणजे निवाडा आधीच झालेला होता आणि तो पीडितेच्याच विरोधात लागला होता.

इंग्लंडमध्ये काय घडलं?

१८८३ मध्ये डॉक्टर होण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कानांनी साथ सोडत आणली होती, त्यामुळे वैद्यकीचा बेत बारगळला. सोबत आलेली मैत्रीण आनंदीबाई भगत हिनं तिथंच आत्महत्या केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

हे का केलं, यावर तेव्हा महाराष्ट्रात वादळ उठलं आणि वाद आजही थांबलेला नाही. त्यांनी स्वतः जे लिहून ठेवलंय त्यात एका भेटीला महत्त्व आहे. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. समाजानं पतित ठरवलेल्या बायकांना तिथं प्रेमानं सांभाळलं जात होतं. अशा बाईला शिक्षा नव्हे, आसरा द्यायचा असतो, ही गोष्ट त्यांना नवी होती.

म्हणून त्या चर्चच्या ताटाखालचं मांजर झाल्या, असंही नाही. धर्ममताच्या प्रश्नांवर त्या वाँटेजच्या भगिनींशी पत्रातून वर्षानुवर्षं वाद घालत राहिल्या. काय मानायचं ते मी शास्त्र वाचून ठरवीन, हा त्यांचा हट्ट होता. वडिलांची मुलगी होती ती!

शारदा सदन आणि फुटलेलं पुणं

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या. तिथं व्याख्यानं दिली, निधी जमवला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. इथंच शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला.

त्याच वर्षी सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचे संस्कार होतात, असा आरोप झाला. टिळकांच्या ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मदत देताना धर्म मध्ये यावा का, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी कुणावर बळजबरी केली नाही, पण माझी श्रद्धा दाराआड लपवणार नाही. या भांडणानंतर त्या आणि पुण्याचा सुधारक वर्ग यांच्यातली वाट कायमची तुटली.

दुष्काळाच्या वाटेवर पुन्हा

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे ते अकरा दिवस आठवले. त्या निघाल्या. सरकारी अन्नछत्रांत आणि आश्रयघरांत त्यांनी हाडांचे सापळे झालेली माणसं पाहिली आणि त्या गर्दीत पोरी हेरत फिरणारे दलालही पाहिले. सुमारे तीनशे मुली आणि बायका त्या घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ आणि सरकारी निर्बंध. मग केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. हेच मुक्ती. प्लेगच्या व्यवस्थेत बायकांची जी आबाळ झाली, त्याबद्दल त्यांनी ब्रिटिश सरकारवरही जाहीर टीका केली. ख्रिस्ती झाल्या म्हणून सरकारपुढे गप्प बसल्या नाहीत.

१८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून भयंकर होता. गुजरात-राजस्थानात तो आजही ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. त्यात निजामाच्या राज्यातला मराठवाडाही होरपळला. वसमत, परभणी, गुलबर्गा हा सगळा मुलूख तेव्हा निजामाकडे होता. (पुढे याच राज्यात, गुलबर्ग्याला, रमाबाईंनी शाळा काढली आणि तिची जबाबदारी मनोरमेकडे दिली.) गुजरातेतून शेकडो मुली केडगावला आल्या. मुक्तीत राहणाऱ्यांची संख्या दीड हजाराच्या वर गेली.

इतक्या बायकांना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. शेती, दुग्धालय, विणकाम, तेलघाणी, सुतारकाम, छपाई असं सगळं बायकाच शिकल्या आणि बायकाच करू लागल्या. पतित ठरवलेल्या बायकांसाठी ‘कृपा सदन’ उभं राहिलं. अंध मुलींसाठी ब्रेल आलं.

हिब्रू शिकणारी आजी

१९०५ मध्ये मुक्तीत मोठी प्रार्थना-लाट आली. मुली तासन् तास रडत प्रार्थना करायच्या. याच सुमाराला रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम हाती घेतलं. वय पन्नाशीकडे झुकलेलं, कान जवळजवळ गेलेले.

मराठीत बायबल आधीच होतं. सेरामपूरला विल्यम केरी आणि पंडित वैजनाथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते काम सुरू केलं होतं, आणि नंतर मुंबईच्या मिशनऱ्यांनी संपूर्ण बायबल आणलं. मग रमाबाईंना ते पुन्हा का करावंसं वाटलं?

कारण भाषा. आधीच्या भाषांतरातलं संस्कृतप्रचुर मराठी मुक्तीतल्या खेड्यातल्या बायकांना कळत नव्हतं. शिवाय त्यातल्या बऱ्याच शब्दांना पुराणातल्या कल्पना चिकटलेल्या आहेत, असं त्यांना वाटायचं. हे म्हणणारी बाई संस्कृतची पंडिता होती, हे विशेष. जिच्या ओठांवर हजारो श्लोक होते, तिनं मुद्दाम साधे शब्द निवडले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, इतरांना शिकता यावं म्हणून हिब्रू व्याकरणाचं साहित्य मराठीत तयार केलं.

संपूर्ण बायबल एकटीनं भाषांतरित करणाऱ्या बायका जगात विरळाच. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ यांचं इंग्रजी भाषांतर १८७६ मध्ये आलं होतं. रमाबाईंचं नाव त्याच छोट्या यादीत येतं.

आता सुरुवातीच्या त्या शब्दांकडे परत या. प्रलयाची गोष्ट भाषांतरित करताना देवाच्या दुःखाला मराठीत शब्द द्यावा लागतो. यशया करताना विधवेच्या न्यायाचा मुद्दा येतो. आणि ‘विलापगीत’ हे पुस्तक तर उद्ध्वस्त यरुशलेम शहराला विधवेची उपमा देऊनच सुरू होतं. हे सगळं एका विधवेनं मराठीत आणलं आणि त्याचे खिळे दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी जुळवले. ज्यांना जगानं पापाची शिक्षा भोगणाऱ्या म्हणून पाहिलं, त्यांच्याच हातून असा ग्रंथ छापला जात होता, ज्यात निवाडा त्यांच्यावर नव्हे, तर त्यांना छळणाऱ्यांवर होतो.

अर्थात हिब्रू शास्त्रातले प्रश्न याने सुटत नाहीत. प्रलयात लहान मुलंही बुडाली, त्यांचं काय पाप, हे ज्यू आणि ख्रिस्ती अभ्यासक पिढ्यान् पिढ्या विचारत आलेत. सर्वज्ञ देवाला पस्तावा कसा होऊ शकतो, यावरही वाद आहे. काहींच्या मते ही फक्त माणसाला कळावी म्हणून वापरलेली भाषा आहे. काहींच्या मते तोच या ग्रंथाचा गाभा आहे: दूर बसून निकाल देणारा नव्हे, ज्याला लागतं असा देव.

शेवटचे दिवस

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वय अवघं चाळीस. मुक्तीचा कारभार जिच्या हाती द्यायचा, तीच राहिली नाही. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. रमाबाईंनी भाषांतराचं काम थांबवलं नाही. प्रुफं तपासायची राहिली होती. काम पुरं होण्यापुरते आणखी दहा दिवस त्यांनी देवाकडे मागितले आणि ते संपताच त्या गेल्या, असं मुक्तीत सांगितलं जातं. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांचं निधन झालं. छापलेलं संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

ते भाषांतर मंडळ्यांमध्ये फारसं रुजलं नाही. तिथं बायबल सोसायटीचंच भाषांतर चालू राहिलं. १९८९ मध्ये भारत सरकारनं रमाबाईंवर टपाल तिकीट काढलं. केडगावचं मुक्ती मिशन मात्र अजून सुरू आहे. आजही तिथं निराधार बायका आणि मुली राहतात, शिकतात.